गळ्याशी थांबलेला वस्तरा

वस्तरा भास्करअण्णांच्या गळ्याशी आला आणि तुळशीराम न्हाव्याच्या कानामागचं सरकारी आवरयंत्र टुंग वाजलं. हात जागच्या जागी थिजला.

"काय रे, घसरत होता का?"

"घसरला तर ते वाजत नाही, अण्णा. मेंदूनं वार करायचं ठरवलं, तरच हात अडवतं." तुळशीरामला घाम फुटला. "आईशप्पथ, माझ्या मनात काही नव्हतं! छत्तीस वर्षं तुमची दाढी करतोय."

"मनाला म्हणे उशिरा कळतं," अण्णा साबणाआडून म्हणाले.

उरलेली दाढी त्यांनी स्वतःच केली. तुळशीरामनं आरसा धरला. त्याला यंत्राची हरकत नव्हती.

"रविवारी याल ना?"

"येईन की," म्हणत अण्णा निघाले. दारापर्यंत मात्र त्यांनी त्याच्याकडे पाठ केली नाही.