बंद बूट

आईने पेनाचं टोपण काढलं, हात कमरेइतका वर नेला आणि पेन सोडलं. ते टोकावर पडलं आणि बुटाच्या जाळीत रुतून उभं राहिलं.

"हा नको," ती म्हणाली.

दुकानदाराने पेन उपटलं आणि शाईचा ठिपका अंगठ्याने पुसून पाहिला. "मॅडम, बूट घ्यायचाय की त्याचा जीव घ्यायचाय?"

"उद्यापासून हिची हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्सची नोकरी सुरू होतेय. दिवसभर अंगात स्क्रब्जचा गणवेश आणि पायात हे. वरून काही पडलं तर आत जाता कामा नये, ओल्या फरशीवर घसरता कामा नये, आणि आठ तासांनी पाय जागेवर असले पाहिजेत. असं काही असेल तर काढा."

लेक शेजारच्या बाकावर बसून होती. कुठलाही बूट पुढे आला की नुसतं "चालेल" म्हणत होती. एरवी केसांच्या एका पिनेसाठी चार दुकानं पालथी घालणारी पोरगी, आज बुटांकडे धड बघतही नव्हती. आईला तिचा राग आला. तेवढाच जरा जिवाला विरंगुळा, कारण परवा दुपारी चार वाजता आईच्याच पायात सुई गेली होती.

आईची स्वतःची नर्सची सव्वीस वर्षांची नोकरी. वॉर्डात सगळे तिला पाठीमागे 'हवालदार' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. भोकाभोकांचे रबरी क्लॉग घालायचे नाहीत, ही सूचना तिनेच भिंतीवर लावली होती. गेल्याच महिन्यात त्यावरून एका नव्या नर्सला तिने सगळ्यांदेखत रडवलं होतं. परवा मात्र टाचेच्या दुखण्याने जीव नकोसा केला, म्हणून तिने स्वतःच अर्धा तास क्लॉग चढवले. नेमकी तेव्हाच ट्रेमधून वापरलेली सुई घरंगळली आणि भोकातून थेट पायात गेली. ज्या रुग्णाची ती सुई, त्याच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला नव्हता.

अशा वेळी काय करायचं, हे दर बॅचला तीच शिकवायची, आणि घरी जेवताना लेकीलाही. जखम साबणाने धुवा, नोंद करा, संसर्ग रोखणारं औषध लगेच सुरू करा. बहात्तर तास उलटले की त्याचा उपयोग नाही. "पण बहात्तरची वाट बघत बसू नका. रडत या, पण या," असं ती टेबलावर हात आपटून सांगायची. परवा तिने पाय धुतला. पट्टी लावली. वर मोजा चढवला. नोंदीच्या खोलीच्या दारापर्यंत ती दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा आत टेबलाशी तीच रडवलेली नर्स बसली होती. तिच्यासमोर क्लॉगचं नाव काढायला आईची जीभ रेटली नाही.

"मग हा बघा," दुकानदार म्हणाला. काळा, साधा, वरून पूर्ण बंद असा बूट होता.

आईने पेन सोडलं. टोक आपटलं आणि पेन उडून बाकाखाली गेलं. बुटावर ओरखडासुद्धा नव्हता.

"हाच. घालून चाल बघू."

"आधी तू घाल," लेक म्हणाली.

"मला कशाला? नोकरी तुझी सुरू होतेय."

"आपलं माप एकच आहे. आणि सकाळी लंगडत होतीस, तर म्हणालीस टाच दुखतेय. मग बघ ना, टाचेला कसा वाटतो."

ती खाली गुडघ्यांवर बसली. आईने पाय मागे घेतला, पण पोरीने घोटा धरला होता, रुग्णाचा धरतात तसा, घट्ट आणि न दुखवता. मोजा निघाला. पावलावर पट्टी होती आणि तिच्या कडेने कातडी लाल झाली होती.

दुकानदार शहाणा माणूस. तो खोकं शोधायच्या निमित्ताने आत गेला.

"कधी?" लेकीने विचारलं.

आईला थाप मारायची होती. तोंडातून निघालं ते वेगळंच. "परवा. चार वाजता."

लेकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे बारा वाजले होते. "चव्वेचाळीस," ती म्हणाली. तिने मोजा परत चढवला, पर्स खांद्याला लावली आणि हात पुढे केला. "चल."

"अगं, मीच रडवलेल्या त्या पोरीसमोर मी काय सांगू? हसतील गं मला सगळे." हवालदाराचा आवाज कापत होता.

"रडत चल, पण चल."

आई खरंच रडली. मग नाक पुसून उठली आणि उठता उठता तिने बुटाचं खोकं उचललं. "तुझे बूट तरी घेऊ दे. उद्या पहिला दिवस आहे."

लेकीने खोकं तिच्या हातून काढून बाकावर ठेवलं.

"माझे बूट गेल्या आठवड्यातच घेऊन झालेत, आई. काल तू मोजे घालून झोपलीस, ते तुझ्या पायातून काढायला दुसरी जागा मला सुचली नाही."