नवलभाऊंचा खांदा

मशीनचं टोक खांद्याला टेकलं आणि नवलभाऊ कण्हले. अफरीनने अजून बटण दाबलं नव्हतं.

पाचोऱ्याहून ते दर आठवड्याला जळगावच्या या क्लिनिकमध्ये शॉकवेव्ह घ्यायला येत. शॉक चालू असताना लाइट गेली तर माणूस मधेच अडकतो का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. यात करंट नसतो, लाटांचे ठोके असतात, त्या ठोक्यांनी खांद्यातला दुखावलेला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, भरून यायला मदत होते, असं फिजिओथेरपिस्ट अफरीनने समजावलं. करंट नाही हे ऐकून भाऊ जरा नाराजच झाले. गावात ते करंट घ्यायला जातो असं सांगून आले होते.

दुखापत खेळातली आहे, हे मात्र ते न विचारता सांगत. खेळ म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. भाऊंनी पन्नाशी कधीच ओलांडलेली, बी-बियाण्यांचं दुकान जोरात, आणि टीम त्यांची. बॅटी त्यांच्या, टी-शर्ट त्यांचे, टी-शर्टवरचं नाव त्यांच्या दुकानाचं, मॅचनंतरची भरीत-पुरी त्यांची. साहजिकच पहिली ओव्हरही त्यांचीच. त्या ओव्हरमधले बहुतेक बॉल शेजारच्या केळीच्या बागेत शोधावे लागत. कप्तान लीलाधर तरी टाळ्या वाजवून म्हणायचा, छान टाकली भाऊ. भाऊंचा टी-शर्ट अंगात घालून तो दुसरं काय म्हणणार?

मग भाऊंचा खांदा धरला. टीमवर दुःखाचा डोंगर कोसळला. त्या दुःखातच टीम एकेक मॅच जिंकत सुटली आणि जन्मात पहिल्यांदा फायनलला पोचली.

भाऊंना गाडीतून आणायचं-न्यायचं काम लीलाधरने आपणहून अंगावर घेतलं होतं. आज भाऊ आत शर्ट काढत असताना त्याने अफरीनला बाहेर गाठलं. उपचारात घाई नको, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. फायनल रविवारी आहे, निदान तोवर तरी भाऊंनी हात हलवू नये, असं त्याचं कळकळीचं मत होतं. मागच्याच वेळी हात जवळजवळ पूर्ण वर जात होता, आज तपासून कदाचित खेळायची परवानगीही देईन, असं अफरीनने सांगितल्यावर त्याचा चेहरा घरातलं कोणी गेल्यासारखा झाला. टीममधल्या बऱ्याच जणांचे गुडघे गेलेले आहेत, ते सगळे गुडघे इथेच आणतो, असंही त्याने सुचवून पाहिलं. अफरीनने गुडघे नम्रपणे नाकारले. जे खरं असेल ते ती पेशंटच्या तोंडावर सांगणार होती.

म्हणून भाऊ कण्हले तशी तिने मशीन बाजूला ठेवलं आणि नेमकं कुठे दुखतं ते विचारलं. भाऊंनी खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं. तिने तिथे दाबलं. मग ते म्हणाले, नाही, मागे. मागे दाबलं तर मानेजवळ. दुखणं खांद्याला प्रदक्षिणा घालत होतं. हात वर करा म्हटलं, तर तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थरथरत थांबला.

तेवढ्यात कपाटावर ठेवलेला भाऊंचा मोबाइल वाजला. भाऊ उठले, टाचा उंचावल्या, उजवा हात सरळ वर नेऊन त्यांनी मोबाइल काढला, आणि मग त्यांना आपला हात दिसला.

"हात खाली घ्या, भाऊ," अफरीन म्हणाली. "खांदा बरा झालाय."

भाऊंनी फोन कापला. दार बंदच होतं, तरी ते एकदा ओढून पाहिलं. मग हळूच म्हणाले, की रविवारी मला खेळता येणार नाही, एवढं लीलाधरला सांगा.

अफरीनला हसावं की चिडावं कळेना. दाराच्या बाहेरचा एक जण तेच मागत होता, आतला तेच मागत होता, आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होते. शेवटी ती चिडली. टीम तुमची आहे, तुम्हाला कोण विचारणार आहे, खेळायचं नसेल तर सरळ सांगा, त्यासाठी माझ्या मशीनला कशाला कामाला लावता, असं तिने सुनावलं.

भाऊ शर्टाची बटणं लावत राहिले. जळगावात आल्यापासून जपून बोललेली शुद्ध मराठी त्यांनी तिथेच सोडली आणि ते घरच्या अहिराणीवर आले.

"खांदा दुखस तोवर बठ्ठा इचारतस, भाऊ कधय उतरतस मैदानात? मी कशी टाकस, ते माले का दिसत नही, पोरी? बसनू ते म्हतारा व्हसू. दुखस म्हनीसन बसनू ते अजून खेळाडू शे."

नुसतं बसलो तर म्हातारा, दुखतंय म्हणून बसलो तर अजून खेळाडू, हा हिशोब अफरीनला कळला. अफरीन बाहेर गेली आणि लीलाधरला म्हणाली, भाऊ रविवारी खेळणार नाहीत. यात खोटं काहीच नव्हतं. लीलाधरने छातीवर हात ठेवला, आणि दुःख नीट करता यावं म्हणून तोंड भिंतीकडे फिरवलं.

रविवारी संध्याकाळी ती पिंप्राळ्याला घरी होती. मैदानावरून भाऊंचा फोन आला. टीम हरली होती, तीही सपाटून. लीलाधरच्या पहिल्याच ओव्हरचे बॉल केळीच्या बागेत गेले होते. भाऊंनी एवढं सांगितलं आणि फोन लाउडस्पीकरच्या दिशेने धरला. माइकवर लीलाधर बोलत होता, आवाज खरोखर भरून आला होता. आज नवलभाऊ खेळले असते तर निकाल वेगळा लागला असता, असं तो म्हणाला आणि मैदानभर टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजत राहिल्या.

त्या थांबल्यावर भाऊ फोनवर परत आले.

"मॅडम," ते म्हणाले, "आते खांदा बरा व्हई गया."