स्पॅनिश वाइन आणि बोकड

चार जातींची द्राक्षं एका बाटलीत नांदतात, मग दोन सख्ख्या भावांनी एका बांधावरून का भांडावं? या उदात्त विचाराने धनेंद्र स्पॅनिश वाइन घेऊन दवनीवाड्यात थोरल्या उमेंद्रकडे गेला.

"लय कडक हाये, दादा. हिच्यासंगं बोकडाचंच मटण लागते. कोंबडी टिकत नाही."

"शिजूनच राहिलं हाये. बस."

जेवता जेवता अर्धी बाटली संपली. धनेंद्रने विचारलं, "बोकड कोठून आणला?"

"आणाले कायले जाऊ? तुयाच होता. माया धानात घुसला."

धनेंद्रने उरलेली वाइन स्वतःच्याच पेल्यात ओतली.

"मंग बाटलीबी तुयीच हाये. तुया पोरानं, लोकेशनं, पुण्याहून धाडली, ट्रॅव्हल्सवाल्यानं चुकून माया घरी देल्ली."

थोडक्यात, दोघेही आपापल्या घरचंच जेवले होते.