भिंतीबाहेरचा ढिगारा

विस्बीहून बिशप नऊ वर्षांनी गावात आले. गॉटलंड बेटाच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आधी पाद्री एन्बेर्गना चर्चबाहेर पाठवलं, मग गावकऱ्यांना विचारलं, "तुमच्या पाद्रींबद्दल कुणाची काही तक्रार?"

बोटिल्दा तेवढी उठली.

"माझी आहे. माझ्या पोरानं, रास्मुसनं, गळफास घेतला, तर ह्या मेल्यानं त्याला दफनभूमीत जागा दिली नाही. भिंतीबाहेर पुरलं, जनावरासारखं! मी पाया पडले, तरी दगडाला पाझर फुटला नाही. लिहून घ्या!"

"बस गं, पुरे," शेजारणीनं तिचा हात ओढला.

बिशपनी खिडकीतून पाहिलं. भिंतीपलीकडे दगडांचा ढिगारा होता. त्यावर साधा क्रूसही नव्हता.

"बाई, कायदा आहे तो. पाद्रींनी त्याला आत पुरलं असतं, तर आजच मी त्यांचा झगा उतरवला असता."

त्यांनी पाद्रींना आत बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली. पाद्रींनी मान वर केली नाही.

बिशपची गाडी गेली, माणसं पांगली. बोटिल्दा दफनभूमीत नवऱ्याच्या कबरीपाशी बसली. कबरीलगतच्या सपाट गवतावरून तिनं हात फिरवला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. पाद्री मागे येऊन उभे राहिले.

"जास्त बोलले का हो?"

"दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं. 'मेल्या' नसतं म्हटलं तरी चाललं असतं," ते हळूच म्हणाले. "ऊठ आता. कुणी बघेल."

ती उठली. आणलेली फुलं घेऊन भिंतीबाहेर गेली आणि नेहमीसारखी त्या ढिगाऱ्यावर ठेवून आली. त्याखाली तिचा म्हातारा मेंढा होता.