दार मिटायच्या आत

रंगुबाईनं वाटीत चुलीतली राख घेतली आणि सुनेच्या छातीशी धरली. "पीळ," ती सुईणीला म्हणाली.

कडूबाई सुईणीनं पिळलं. घट्ट, पिवळं, चिकट दूध राखेत पडलं आणि त्याची गोळी झाली. चांगुणा बाजेवर दात आवळून पडली होती. कुशीत पहाटे जन्मलेला पोरगा. तोंड उघडून इकडं शोधी, तिकडं शोधी. त्या तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा.

"पहिलं नासकं असतं गं," कडूबाई म्हणाली. "तिसऱ्या दिशी पांढरं उतरंल, मग पाज."

कुडाच्या पलीकडं गोठा. तिकडं बोललेलं इकडं ऐकू यायचं. आळीतली पहिली संकरित गाय आत्ताच व्याली होती. सासरा आसाराम चरवी घेऊन तयार; चार घरी खरवसाचं सांगूनही झालेलं. पण राहुरीहून सायकलवर आलेला जनावरांचा डॉक्टर आडवा आला.

"खरवस राहू द्या, बापू. आधी कालवडीला चीक पाजा. पोटभर."

"समदा तिलाच?"

"तिलाच. वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायला त्याच्या रक्तात काही नसतं. आईनं आयुष्यभर जे रोग पचवले, त्यांच्याशी लढायचं सगळं सामान त्या चिकात. आणि वासराच्या आतड्याचं दार एकच दिवस उघडं असतं. मग मिटतं. नंतर बादलीभर पाजलात तरी पोटात जाईल, रक्तात जायचं नाही."

चरवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कालवडीचे घोट. मोठमोठे.

चांगुणा मोजत होती. पहाटेपासून किती झालं? चार तास? पाच?

"आत्याबाई, डाक्टर काय म्हनत्यात, ऐकलं का?"

"ऐकलं. ढोरांचा डाक्टर हाय त्यो."

"पन..."

"पन काय? माझ्या नातवाला वासराच्या पंगतीला बशिवतीस व्हय?"

कडूबाई फिसकन हसली.

"माझी आठ झाली," रंगुबाई म्हणाली. "समद्यांच्या येळी असंच काढून टाकलं."

"ऱ्हायली किती, आत्याबाई?"

वाटी हलली. थोडी राख बाजेवर सांडली.

"तीन," रंगुबाई म्हणाली. मग सुईणीकडं वळून, "पीळ. दुसऱ्या अंगाचं ऱ्हायलंय."

दुपार. कालवड पुन्हा प्याली. पोराला बोळा.

दिवेलागण. कालवड पायांवर नीट उभी. बोळा.

एकदा चांगुणानं पोराला पदराआड ओढलं. ओठ लागलेच होते. रंगुबाईनं अलगद उचलून घेतला, कपाळाचा मुका घेतला. तिच्या डोळ्यांत त्या पोराबद्दल नुसती माया होती. "दम काढ, माझ्या राजा. घान न्हाई प्यायची."

दुसरा दिवस. पोराला हगवण. घरात सगळे हळू बोलू लागले. गोठ्यात मात्र कालवड उड्या मारत होती.

तिसरा दिवस. दूध पांढरं उतरलं. "पाज आता," रंगुबाई म्हणाली आणि पोरगा स्वतः छातीशी लावला. पोरगा तापलेला. ओठ लागले, ओढ नव्हती. पलीकडं कालवड हंबरली आणि चांगुणाची चोळी आपोआप भिजली.

चौथा दिवस.

पाचवी पुजायची वेळ आली नाही.

सहाव्या दिवशी डॉक्टर आला. घरातलं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कालवडीचे कान चाचपले, पापणी ओढून पाहिली, तिच्या पाठीवर थाप मारली. "वाचली, बापू. दार मिटायच्या आत गेलं सगळं."

आसारामनं रिकामी चरवी उपडी घातली. मग म्हणाला, "थेंब वाया जाऊ दिला न्हाई, डाक्टर."

आत चांगुणाची छाती दगडासारखी झाली होती. रंगुबाई वाटी घेऊन आली. वाटीत राख.  ती बाजेपाशी उभी राहिली.

चांगुणानं वाटी तिच्या हातातून घेतली आणि भिंतीला धरत परसात गेली. मोरीमागं पहिल्या दोन दिवसांच्या राखेच्या गोळ्या पडल्या होत्या, वाळून टणक झालेल्या. त्यांना मुंग्यांची रांग लागली होती. एकेक कण तोंडात धरून त्या कुडाच्या बुडाशी भोकात शिरत होत्या, आपल्या पिलांकडं.

एकीनंही काही सांडलं नव्हतं.