सुंदराक्काचं कोवळं ऊन

सूर्य वर येताच दाजीबांनी बायकोची, सुंदराक्काची, खाट अंगणात ओढली. वाळवंटातल्या इग्वाना सरड्याचा ऊन पचवण्याचा गुण लशीसारखा टोचून घेतल्यापासून सुंदराक्का सुईण भर दुपारच्या जीवघेण्या उन्हातही अडलेल्या बाईकडे चालत जाई. पण रात्रीतून तिचं अंग सरड्यासारखंच गारठून लाकूड होई. ते तापेपर्यंत तिच्यावर सावली पडू नये म्हणून सारी वस्ती अंगणाला वळसा घालून जायची.

आज शेवंता महिन्याची लेक घेऊन आली आणि पाया पडायला वाकली.

“सावली काढ आधी!” दाजीबा खेकसले.

“अहो, असू द्या,” सुंदराक्का कशीबशी हसली. “ही पोर जन्मली त्या दिवशी हिच्यासाठी एवढं ऊन झेललं. आता हिची सावलीही घेऊ द्या की थोडी.”