दोनदा खोचलेलं टोक

संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत वेताची चाकांची खुर्ची टेबलावर आडवी ठेवली होती. शंभर वर्षांत तिने किती आजाऱ्यांना इकडून तिकडे नेलं, कोण जाणे. आता तिलाच धरून उचलावं लागत होतं. नुसतं बोट लागलं तरी भुगा गळायचा. पाठीवरचा वीतभर तुकडा तेवढा ठणठणीत होता, मागाहून कुणीतरी विणलेला, जाड वेताचा. आणि तोच मुळावर आला होता. त्याच्या ओढीने शेजारच्या जुन्या काड्या एकेक करून मोडत चालल्या होत्या.

"हे सगळं कापून काढ," मोठ्या बाई भिंगातून बघत म्हणाल्या. "कुणाचं गं हे काम? खुर्ची विणायची होती की बैल बांधायचा होता?"

बाईंच्या हाताखाली काम करणारी ती हसली नाही. कुणाचं काम ते तिने बघताक्षणीच ओळखलं होतं. टोक डाव्या हाताने खोचलेलं, आणि एकदा नव्हे, दोनदा. असं खोचणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता, आणि त्याला जाऊन आठ दिवस झाले होते.

"एकदा पुरतं की हो बाबा," ती लहानपणी म्हणायची.

"पुरतं. पण टेकणाऱ्याला धाकधूक नको."

बाबा गेले तेव्हा तिला रडू आलं नाही. आत्या म्हणाली, रडून घे गं, मोकळी हो. तिने प्रयत्नही करून पाहिला, पण काही म्हणजे काही आलं नाही. पाचव्या दिवशी ती कामावर आली, तर सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाली होती. घरात बाबांच्या हातचं काही उरलंही नव्हतं. जन्मभर त्यांनी लोकांसाठी विणलं आणि स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

उरलं होतं ते हे वीतभर. तेही राहू दिलं तर महिन्याभरात खुर्चीची पाठ फाटणार, हे तिला बाईंपेक्षा जास्त कळत होतं.

तिने कात्री घेतली. एकेक वेत कापून चिमट्याने पिशवीत टाकला. पिशवीवर नंबर घातला. कापलेलं टाकायचं नाही आणि घरीही न्यायचं नाही, असा तिथला नियम होता. हात जरासुद्धा हलला नाही. तिला त्याचीच लाज वाटली.

मग मोकळ्या जागेत वेताऐवजी हलक्या कागदाचे बारीक पीळ ती विणत गेली. जुन्या काड्यांना ओढ बसू नये, म्हणून अगदी सैल हाताने. दुपार टळली. शेवटचं टोक तिने आत खोचलं आणि तेच टोक पुन्हा फिरवून आणखी एकदा खोचलं.

"अगं, एकदा पुरतं," मागून बाई म्हणाल्या. "काचेत जायचीय ती. आता तिला कोण टेकणार आहे?"

"कुणी नाही," ती म्हणाली.

आणि चटकन मान वळवून टेबलापासून दूर झाली. पाण्याचा एक थेंब जरी पडला असता, तरी वेत फुगला असता.